आबांच्या पायातली गाठ

१

गुरुवारी सकाळी साडेअकरा वाजता नंदुरबारच्या आमच्या लॅबमध्ये एका सुनेवर सासऱ्याला मारायला निघाल्याचा आळ आला. ज्या कागदावरून आला, तो कागद मीच टाइप केला होता.

मी हेमकांत. पहाटे घरोघरी जाऊन रक्त गोळा करायचं आणि दुपारी रिपोर्ट टाइप करायचे, हा माझा धंदा. तालुक्यात माझ्याइतक्या झटपट शीर शोधणारा दुसरा माणूस नाही, असं मी स्वतः बऱ्याच जणांना सांगितलेलं आहे.

तर कोरीटचा दिनेश गिरासे रिपोर्ट नाचवत आत आला.

"हेमकांतभाऊ, आबाले आम्ही रोज गोयी देतस. मंग रिपोर्टमा गोयीना पत्ता काबर नही?"

आबा म्हणजे त्याचे वडील, करणसिंग आबा. नोव्हेंबरात त्यांच्या डाव्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली. पाय दुधी भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू केली आणि महिन्याला रक्त तपासायला सांगितलं. त्या तपासणीत एक आकडा येतो. गोळी न घेणाऱ्या माणसाचा तो एक असतो, गोळी लागू पडली की दोन ते तीन होतो. आबांचा आकडा तिन्ही वेळा एक आला. डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला, तरी एक म्हणजे एकच.

दिनेशने लॅबमधूनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर वैतागून म्हणाले, "एक तर गोळी पोटात जात नाही, किंवा गोळीच्या नावाखाली दुसरंच काहीतरी जातंय. घरात गोळ्या कोण देतं?"

"मन्ही बायको," दिनेश म्हणाला, आणि खुर्चीत बसला.

तो गेल्यावर मदिहा मॅडमनी रिपोर्ट उचलला. मदिहा मॅडम आमच्या लॅबच्या टेक्निशियन. नंदुरबारच्या जुन्या कल्हईवाल्यांच्या घरातल्या, अहिराणी माझ्याहून फर्डी, आणि विश्वास कुणावरच नाही, मशीनवर तर मुळीच नाही. खिशात कायम फुटाणे. त्यांनी एक फुटाणा तोंडात टाकला आणि भलत्याच ओळीवर बोट ठेवलं.

"हे बघितलंस? ट्रायग्लिसराइड. रक्तातली चरबी. नोव्हेंबरात मीच रक्त काढलं होतं, तेव्हा नऊशे चाळीस होती. नळीत वर ताक साचल्यासारखं दिसत होतं. आता एकशे दहा."

"म्हणजे आबांनी पथ्य पाळलं," मी म्हणालो.

"कोरीटच्या करणसिंग आबांनी?"

लग्नात वरण-बट्टी वाढणारी पोरं ज्या माणसाच्या पंगतीला तुपाचा डबा ठेवूनच पुढे जातात, तो हा माणूस.

मॅडम उठल्या. "उद्या गाडी काढ, हेमकांत. गोळी कुणी चोरली ते नंतर बघू. आधी चरबी कुणी चोरली ते शोधायचंय."

२

शुक्रवारी दुपारी आम्ही कोरीटला पोचलो, तेव्हा आबा ओट्यावर खाटेवर बसून चौघांना राजकारण समजावून सांगत होते. माणूस सहा फुटी, मिशा पिळदार, आवाज असा की ग्रामसभेत माइकची गरज नाही. हनुवटीवर मात्र वर्तमानपत्राचे तीन कपटे चिकटवलेले.

"हे काय, आबा?" मॅडमनी विचारलं.

"दाढी करनू. नवं ब्लेड भलतं वंगाय शे. सकायथीन रगत बंदच व्हई नही ऱ्हायनं."

आबांच्या कोपराजवळ एक मोठा निळा डागही होता. तो दाराची कडी लागून झाला म्हणे. मॅडमनी मान हलवली आणि घरात गेल्या.

घरात आबांच्या बायको जसोदाबाई तयारच बसल्या होत्या. "देवघरमा डबा ऱ्हास. दिनेश गोया आनस, वहू देस. मंग जहेर कोन दी? मी? का देव?"

"जहर कोण म्हणालं?"

"आख्खं गाव म्हनी ऱ्हायनं."

मॅडमनी डबा उघडला. दुकानाचं बिल पाहिलं, रिकाम्या पट्ट्या मोजल्या, उरलेल्या गोळ्या मोजल्या. एक गोळी इकडची तिकडे नव्हती. "यामुळे काही सिद्ध होत नाही," जसोदाबाई ठसक्यात शुद्ध मराठीत म्हणाल्या. त्या टीव्हीवर कोर्टाच्या मालिका बघतात. "खाली करीसन चूलमा टाकत व्हई."

सुनिता, म्हणजे सून, मागच्या पडवीत होती. शेजारी चेन लावलेली बॅग. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज सरळ होता.

"ताई, रोज सात वाजता मी मन्हा हातथीन गोयी दिधी. आबास्नी मन्हासमोर गिळी. माले कोनी इचारंच नही. उद्या सकायले मन्हा बाप लेवाले येस. गावसमोर माले काढी देतीन." ती जरा थांबली. "मन्ही धाकली बहिननं लगीन ठरेल शे. जहेर देनारीनी बहिन कोन करी?"

तो रिपोर्ट मी चहा पीत पीत टाइप केला होता.

मॅडम तिच्याजवळ खाली बसल्या. "आबा पथ्य पाळतात का?"

"कोठलं पथ्य? पयला महिनाना रिपोर्ट चांगला उना अन् आबास्नी चरबीनी गोयी बंद करी टाकी. म्हने आते काय गरज? कालदिन पाच बट्ट्या तूपमा बुडायीसन खाध्यात. वरथीन जिलबी."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या जिलबी कुठली ते विचारतील. त्यांनी दिनेशकडून पायाच्या सोनोग्राफीचे दोन कागद मागून घेतले, नोव्हेंबरचा आणि गेल्या आठवड्याचा.

"गाठ वाढली नाही," त्या पुटपुटल्या. "नवी झाली नाही. पण कणभर कमीही नाही."

"म्हनीनच ते!" जसोदाबाई दारातून म्हणाल्या. "गोयी खरी ऱ्हाती ते गाठ इरघळी जाती."

"तिथेच तर तुमचं चुकतंय, मावशी," मॅडम म्हणाल्या, आणि अंगणात निघून गेल्या.

३

अंगणात दिवाल्या मिरच्यांच्या गोण्या उचलत होता. दिवाल्या म्हणजे आबांचा सालदार, वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा, धडगावकडच्या डोंगरातला. वय चाळीसच्या पुढे, अंगावर चरबी शोधायला भिंग लागेल. घरात पावरी बोलतो, इथे सगळ्यांना समजेल असं काहीतरी.

"दिवाल्याभाऊ, जरा विचारायचं होतं," मॅडम म्हणाल्या.

"मी काय नाय सांगनार," तो लगेच म्हणाला.

"कशाबद्दल?"

"तेच नाय सांगनार. मालकाला शबूद दिलाय."

आणि गोण उचलून तो ओट्याशेजारच्या मिरचीच्या खोलीत गेला. मी मॅडमना म्हणालो, "हाच चोर. चेहऱ्यावर लिहिलंय." मॅडमनी माझ्या हातावर चार फुटाणे ठेवले. मी गप्प बसावं म्हणून त्या असं करतात.

परतीच्या वाटेवर गाडीवर मागे बसून त्यांनी माझीच उलटतपासणी सुरू केली.

"आबांचं रक्त कसं काढतोस?"

"आबांना सुईची धास्ती आहे, मॅडम. कुणाला सांगू नका, त्यांनी मला बजावलंय. पहाटे सहाला जातो. ओट्यालगतच्या खोलीत झिरोचा दिवा असतो. आबा डोक्यावरून गोधडी घेऊन पडलेले असतात, फक्त हात बाहेर. घरातलं कुणी आत यायचं नाही, दार लोटलेलं. मी हात बांधतो, टोचतो, निघतो."

"त्या वेळी बोलतात काय?"

"काहीच नाही. घाबरलेला माणूस काय बोलणार?"

"ग्रामसभेत माइक न सोडणारा माणूस, आणि हूं की चूं नाही?"

"नाही. आवाज असतो तो फक्त शेजारच्या मिरचीच्या खोलीतून. तिथे दिवाल्या पहाटेच गोण्या लावत असतो वाटतं. सारखा शिंकतो."

"दिवाल्या?" मागून आवाज आला. "मघाशी अर्धा तास तो त्या खोलीत आत-बाहेर करत होता. एकदा तरी शिंकला?"

मी आठवून पाहिलं. शिंका मलाच चार आल्या होत्या.

"आणि शीर? पटकन सापडते?"

"एका झटक्यात!" माझ्या जिव्हाळ्याचा विषय निघाला होता. "दोरीसारखी शीर, मॅडम. डोळे मिटून टोचावं."

"गाडी थांबव," मॅडम म्हणाल्या.

मी पपईच्या शेताशी गाडी थांबवली. त्या उतरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"नोव्हेंबरात मी त्याच माणसाला चार वेळा टोचलं होतं. चार! मांसल हात, शीर कुठे लागेचना. आबा पाचव्यांदा टोचू देईनात म्हणून डॉक्टरांनी धरून ठेवलं. हेमकांत, तू माझ्यापेक्षा हुशार नाहीस."

हे ऐकून मला वाईट वाटलं. नंतर, बऱ्याच नंतर, माझ्या डोक्यात उजेड पडला.

"डॉक्टरांनी उद्या सकाळी पुन्हा, चौथ्यांदा रक्त काढायला सांगितलंय ना?" मॅडम म्हणाल्या. "नेहमीसारखाच जा. मी दाराबाहेर असेन. आणि डॉक्टरांना आत्ता फोन लाव. म्हणावं, तुम्ही तिसऱ्यांदा डोस वाढवणार असाल तर खबरदार."

४

शनिवारी पहाटे कोरीटमध्ये कडाक्याची थंडी होती. अंगणात सुनिताचे वडील आले होते, जीपचं दार उघडून बसलेले. त्यांनी जावयाकडे पाठ केली होती. शेजारीपाजारी शेकोटीच्या निमित्ताने जमले होते. शेकायला कुणाचं लक्ष नव्हतं. सुनिता बॅग घेऊन पडवीत उभी होती.

मी खोलीत गेलो. झिरोचा दिवा, खाट, गोधडी, आणि गोधडीबाहेर एक हात.

तीन महिने मी तो हात बघत होतो आणि शिरेपलीकडे त्यात मला काही दिसलं नव्हतं. आता दिसलं. तळव्यावर घट्टे होते, नखांत लाल मिरचीची पूड होती. आबांनी मिरचीची गोण शेवटची कधी उचलली ते त्यांच्या वडिलांनाच माहीत असावं.

"टोचू का, आबा?" मी विचारलं.

गोधडी गप्प. शेजारच्या खोलीत जोरदार शिंक आली. मग दुसरी. मग दाबलेली तिसरी.

दार उघडून मदिहा मॅडम आत आल्या. मागून जसोदाबाई, दिनेश, सुनिताचे वडील, आणि जेवढी माणसं चौकटीत मावली तेवढी. मॅडमनी वाकून गोधडीचं टोक धरलं आणि हलकेच ओढलं.

गोधडीखालून दिवाल्याने सगळ्यांकडे पाहिलं आणि उठून नीट बसला.

"मी काय नाय सांगितलं, मालक!" तो भिंतीकडे तोंड करून ओरडला.

मिरचीच्या खोलीचं दार करकरलं. करणसिंग आबा बाहेर आले. डोळे लाल, नाक लाल, मिशांना मिरचीच्या बिया. त्यांना पुन्हा एक शिंक आली, ती त्यांनी गोधडीच्या टोकात दाबली.

५

मॅडमनी सगळ्यांना ओट्यावर बसवलं. त्या बोलल्या अहिराणीतच, मी इथे शहाण्या मराठीत लिहितो, कारण मला त्यांच्या वेगाने अहिराणी लिहिता येत नाही.

"या रिपोर्टमध्ये दोन चमत्कार होते," त्या म्हणाल्या. "गोळी घेऊन गोळी लागू नाही, हा एक. तूप पिऊन चरबी उतरली, हा दुसरा. तुम्ही पहिला धरून बसलात. मला दुसरा खटकला. एका माणसाच्या एका नळीत दोन-दोन चमत्कार होत असतील, तर नळीतलं रक्तच त्या माणसाचं नसतं. दिवाल्या गोळी घेत नाही, म्हणून एक. दिवाल्या भाकर-चटणी खाऊन राबतो, म्हणून एकशे दहा. रिपोर्ट अगदी बरोबर होता. दिवाल्याभाऊ, तुमची तब्येत उत्तम आहे."

"मालक बी तेच बोलले," दिवाल्या समाधानाने म्हणाला.

"मंग वहूनं काहीच पाप नही, असं कसं म्हनू?" जसोदाबाई मागे हटायला तयार नव्हत्या. "रगत दिवाल्यानं, पन गाठ ते आबानीच शे ना? ती काबर नही इरघळनी?"

"कारण गोळी गाठ विरघळवतच नाही, मावशी. गोळी नवी गाठ होऊ देत नाही, असलेली वाढू देत नाही, बस. जुनी गाठ फोडायचं काम शरीर स्वतः करतं, त्यासाठी रक्तात त्याचे मजूर असतात. आबांची गाठ वाढली? नाही. नवी झाली? नाही. म्हणजे गोळीने आपलं काम चोख केलं. आणि आबांच्या हनुवटीकडे बघा. काल सकाळी ब्लेडने जरासं कापलं तर दुपारपर्यंत रक्त थांबलं नाही. हातावर निळा डाग. ही रक्त पातळ झाल्याची लक्षणं, तीही जरुरीपेक्षा जास्त. सुनिताने रोज गोळी दिली नसती, तर आबांना वर्तमानपत्र लागलं नसतं."

सुनिताच्या वडिलांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"मंग मजूर कोठे ग्यात?" दिनेशने विचारलं.

"मजूर आहेत, मुकादम वाढलाय. रक्तात चरबी फार झाली की मजुरांना कामावर जाऊच न देणारा एक पदार्थ रक्तात पुष्कळदा वाढलेला सापडतो. तो मजुरांना हजेरीलाच बसवून ठेवतो. गाठ तशीच पडून राहते. प्रत्येकात असंच होतं आणि हेच एक कारण असतं, असं मी म्हणणार नाही, तो डॉक्टरांचा प्रांत. पण आबांनी दिवाल्याचा रिपोर्ट बघून स्वतःची चरबीची गोळी बंद केली, वर पाच-पाच बट्ट्या हाणल्या. आपल्या मुकादमाला आबा रोज तूप पाजत होते."

"हे सगळं तोंडी शे," आबा अखेर म्हणाले. आवाज घोगरा होता. "पुरावा काय?"

मॅडमनी माझ्याकडे हात केला. मी पेटीतून सुई काढली.

आबांचा चेहरा गोधडीपेक्षा फिका पडला. त्यांनी जसोदाबाईंकडे पाहिलं, त्यांनी तोंड फिरवलं. दिनेश जमिनीकडे बघत होता. मी हात बांधला, शीर शोधू लागलो आणि घाम पुसला. पहिल्यांदा चुकलो. दुसऱ्यांदा चुकलो. आबांचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि मोकळा हात हवेत काहीतरी शोधत होता.

सुनिताने बॅग खाली ठेवली. ती पुढे आली आणि तिने तो हात धरला.

"देखू नका, आबा," ती म्हणाली. "व्हई गयं, व्हई गयं."

तिसऱ्यांदा शीर लागली. सुई काढल्यावर कापूस दाबून मी घड्याळ लावलं. तुमचं-माझं रक्त दोन-चार मिनिटांत थांबतं. आबांचं वीस मिनिटं थांबलं नाही. आणि शेकोटीपासून लांब उभ्या करून ठेवलेल्या नळीत पाऊण तासाने लाल रक्त खाली बसलं आणि वर पांढरट, दाट, ताकासारखा थर आला. सगळं कोरीट ती नळी हातोहात बघत होतं. जसोदाबाईंनी ती दोनदा पाहिली.

मी तिथून थेट लॅब गाठली. आकडा पाच पूर्णांक दोन आला. डॉक्टरांनी फोनवर गोळी लगेच थांबवायला आणि आबांना तपासायला आणायला सांगितलं, आणि मग मला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणखी एकदा डोस वाढला असता, तर डोक्यात किंवा पोटात रक्तस्राव होऊन आबा गेले असते, आणि आळ जन्मभर सुनितावर राहिला असता.

पण ते दुपारचं. सकाळी ओट्यावर, नळी हातोहात फिरत होती तेव्हा, आबा कापूस दाबून उभे राहिले. भाषणाला उभे राहतात तसेच. समोर तीच माणसं होती ज्यांनी दोन दिवस जहराची गोष्ट गावभर फिरवली होती. आबांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"माले सुईनी भीती वाटस," ते म्हणाले. "लोक हसतीन म्हनीन दिवाल्याले झोपाडं. माले वाटनं, एक घरनं अन्न खातंस, रगत बी सारखंच व्हई. वहूवर नाव उनं तवय मी बोलाले पायजे व्हतं. तवय बी लाज वाटनी. पोरी, मन्ही चूक शे. सुनितानी काहीच चूक नही."

कुणी हसलं नाही. मला हसू येईल असं वाटलं होतं, पण उलट डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते मिरचीवर ढकललं.

सुनिताने त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग बॅग उचलली आणि वडिलांना म्हणाली, "चला, दादा. पंधरा दिन माहेर ऱ्हासू. पन कोनी काढं म्हनीन नही, मी जास म्हनीन."

दिनेश धावत जीपपर्यंत गेला. ती पुढच्या सीटवर बसली आणि खिडकीची काच खाली केली. मागोमाग आबाही लंगडत पोचले.

"परत येशी ना, पोरी?"

सुनिताने त्यांच्या पोटाकडे पाहिलं, मग पायाकडे, मग माझ्याकडे.

"पंधरा दिननंतर हेमकांतभाऊ रगत लेवाले येतीन," ती म्हणाली. "चरबीना आकडा काय येस ते देखीसन सांगसू."

जीप निघून गेली. त्या दुपारी दवाखान्यातून परतल्यावर आबांनी भाकरीबरोबर मुगाची पातळ आमटी खाल्ली आणि तूप मागितलं नाही, असं जसोदाबाईंनी मला मुद्दाम फोन करून कळवलं.